शिक्रा, होला आणि भूतदया

सर्व भूतांच्या ठायीं एक पांडुरंग पाहावा, ही वारकऱ्याला गळ्यांत माळ पडतांनाच मिळालेली शिकवण. ती आपण ऐकतों, भजनांत म्हणतों, आणि वाटेनें चालतांना मुंगीवर पाय पडणार नाहीं इतकी तरी आचरणांत आणतों. येथवर अडचण नाहीं. मुंगीला वांचविणें सोपें आहे, कारण तेथें मी आणि मुंगी असे दोघेच असतों. मी पाऊल उचललें कीं धर्म झाला. अडचण येते ती दोन भूतें आपसांत गुंतलीं म्हणजे. एकाच्या नखांत दुसऱ्याची मान आहे, शास्त्र म्हणतें दोघांतहि देव आहे, आणि आपण मध्यें उभे आहोंत. अशा वेळीं वैष्णवानें कोणाच्या बाजूनें उभें राहावें?

तुकोबारायांनीं रानाशीं सोयरीक जोडून ठेवली आहे. पण सोयरे म्हटले कीं सोयऱ्यांचीं भांडणेंहि आलीं. भर मांडवांत एक सोयरा दुसऱ्याच्या अंगावर धांवून गेला म्हणजे यजमानाची जी गत होते, तीच भूतदयेचें व्रत घेतलेल्या माणसाची रानांत पाऊल टाकल्याबरोबर होते.

हा प्रश्न मला पोथींत भेटला नाहीं. गेल्या चैत्रांत चैत्री एकादशीसाठीं पायीं पंढरीस जातांना माळशिरस तालुक्यांतल्या एका वस्तीवर आम्ही मुक्काम केला. नवमीला रामजन्माचें कीर्तन करून पुढें निघावयाचें होतें. सप्तमीच्या रात्रीं हरिपाठ झाला, लोक उठले, आणि त्या घरच्या माउली पदर सांवरीत पुढें आल्या. म्हणाल्या, "महाराज, समद्यांत इठ्ठल हाय म्हणता. माझ्या वळचणीला होल्यानं घरटं केलंय. दोन पिलं हुती. परवा शिक्र्यानं एक नेलं, माझ्या डोळ्यांदेखत. आता सांगा, इठ्ठल नेणारा का नेलेला? आन् पोरगा म्हणतोय, लिंबावरचं शिक्र्याचं घरटं काठीनं पाडतो. पाडू दिऊ का नको?"

प्रश्न दोन होते, आणि दुसरा पहिल्याहून अवघड होता. पहिल्याचें उत्तर चुकलें तर फार तर वेदान्त बिघडला असता. दुसऱ्याचें चुकलें तर सकाळीं काठी चालली असती.

अशा प्रश्नाला दोन तयार उत्तरें असतात. एक म्हणजे, पिलाचें प्रारब्ध सरलें. हें उत्तर खोटें आहे असें मी म्हणत नाहीं. पण तें दुसऱ्याच्या मरणावर फार लवकर सुचतें. आपल्या घरचें माणूस गेलें म्हणजे तेंच उत्तर आपण कोणाच्या तोंडून ऐकून घेत नाहीं. दुसरें उत्तर त्या मुलाचें: जो मारतो तो दुष्ट, आणि दुष्टाला शासन करावें. यांत निदान कळवळा आहे. पण त्या लिंबावरच्या घरट्यांत काय आहे, हें त्या मुलानें पाहिलें नव्हतें, मींहि पाहिलें नव्हतें. मीं त्यांना एवढेंच म्हटलें, "माउली, उद्यां अष्टमी, मला दिवस मोकळा आहे. उद्यां दिवसभर काठी उचलूं नका. आधीं पाहूं."

पाहणें हा शब्द आपल्या संप्रदायांत लहान नाहीं. पंढरीला आपण दर्शनाला जातों, म्हणजे पाहावयासच जातों. तेथें जाऊन विठोबाला कांहीं करावयाचें नसतें. भागवताच्या एकादश स्कंधांत अवधूतानें चोवीस गुरु केले, त्यांत कपोत आहे, अजगर आहे, मधमाशी आहे, हरिण आहे, दिव्यावर झेपावणारा पतंग आहे. त्याच स्कंधावरची टीका नाथमहाराजांनीं शके १४९५ मध्यें, म्हणजे इ. स. १५७३ सालीं, काशींत पुरी केली, आणि आजहि गांवोगांव तिचें पारायण होतें. त्या मुक्या गुरूंपैकीं एकानेंहि अवधूताला उपदेश केला नाहीं. कपोत आपलीं पिलें सांभाळीत होता, माशी मध गोळा करीत होती. अवधूत उभा राहिला आणि त्यानें पाहिलें, एवढेंच झालें.

आम्हां कीर्तनकारांचें मात्र निराळें असतें. पाखरूं फांदीवर टेंकायच्या आंत आम्ही त्याचा दृष्टांत करून टाकतों. चकोर म्हटला कीं चांदणें, चातक म्हटला कीं मेघ, हंस म्हटला कीं नीरक्षीर. भक्ताची ओढ सांगायला याहून चांगलें साधन नाहीं, म्हणून दृष्टांत टाकावे असें मी म्हणणार नाहीं. पण हिमालयाच्या उतारावर राहणारा खरा चकोर दाणे टिपतो, किडे वेंचतो, मातींत लोळून अंग साफ करतो. त्याचें आयुष्य त्याचें आहे. कीर्तनकाराच्या सोयीसाठीं देवानें त्याला घडविलेला नाहीं.

अष्टमीला पहाटे विहिरीजवळ घोंगडी टाकून बसलों. समोर तो लिंब, पूर्ण मोहरलेला. त्याचीं बारीक पांढरीं फुलें घोंगडीवर पडत होतीं. अंधार सरला नव्हता तोंच विहिरीच्या मोटवणावर दयाळानें सुरुवात केली. मोट जाऊन पंप आला त्याला किती वर्षें झालीं, पण जुन्या मोटवणाचे दगड अजून उभे आहेत आणि दयाळाला तेवढे पुरतात. काळा-पांढरा, शेपटी उभी धरणारा हा लहानसा पक्षी वसंतांत असा गातो कीं माणसाला भूपाळी वाटावी. पण तो भूपाळी म्हणत नसतो. ही जागा माझी, असें तो दुसऱ्या दयाळाला बजावीत असतो. थोड्या वेळानें दुसरा एक खरोखरच आला, आणि याने त्याला असा पिटाळला कीं दोघेहि बांधापलीकडे गेले. नांव दयाळ, आणि हद्दींत आलेला भाऊ खपत नाहीं! नांवावरून पक्ष्याची परीक्षा करूं नये, हें तेव्हां मनांत आलें, आणि पुढें दिवसभरांत तें पुन्हां आठवावें लागलें.

उजाडतां उजाडतां कोकीळ. कोकिळा गाते असें आपण म्हणतों, पण गाणारा नर असतो, काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके. तिचा आवाज म्हणजे नुसतें किक्-किक्-किक्. ती आपलीं अंडीं कावळ्याच्या घरट्यांत घालते हें पोरासोरांना ठाऊक आहे. लहानपणीं पाठशाळेंत अमरकोश घोकतांना मला एका गोष्टीची मोठी मौज वाटे. त्यांत कोकिळाचें एक नांव परभृत, आणि कावळ्याच्या नांवांत एक परभृत्. फरक एका पायमोडक्या तकाराचा. पहिल्याचा अर्थ दुसऱ्यानें पोसलेला, दुसऱ्याचा अर्थ दुसऱ्याला पोसणारा. फसविणारा आणि फसलेला कोशकारानें जवळजवळ एकाच शब्दांत बसविले आहेत, आणि कोणालाहि शिवी दिलेली नाहीं. आपण मात्र लगेच पंचायत भरवितों. कावळी बिचारी भोळी, परक्याचें पिलूं वाढविते. पण त्याच सकाळीं एक कावळा बुलबुलाचें अंडें चोचींत धरून माझ्या डोक्यावरून गेला. ज्याच्या बाजूनें निवाडा द्यावा तो पुढच्या खटल्यांत आरोपी निघतो, अशी ही रानांतली कचेरी आहे.

ऊन तापूं लागलें. ज्वारी निघून मोकळ्या झालेल्या रानांतून यजमानांचा मुलगा चालला होता, तों टिटवीनें आकाश डोक्यावर घेतलें. टिटवी ओरडली कीं कोणीतरी जाणार, ही समजूत अजून घराघरांत आहे. म्हातारें माणूस अंथरुणावर असलें तर बायका तिच्यावर दगड भिरकावतात. मीं त्या मुलाला हांक मारून जागच्या जागीं उभें राहावयास सांगितलें. त्याच्या पायापासून दोन हातांवर, उघड्या जमिनींत, चार खड्यांच्या मधोमध चार अंडीं होतीं, मातीच्याच रंगाचीं, काळपट ठिपक्यांचीं. पाहिल्यावरहि दिसूं नयेत अशीं. टिटवी कोणाच्या मरणाची वार्ता सांगत नव्हती. "इकडे येऊं नको" म्हणत होती, दुसरें कांहीं नाहीं. पंचतंत्रांतल्या टिट्टिभानें समुद्राशीं वैर मांडलें तेंहि अंड्यांसाठींच. आणखी एक गोष्ट दुपारीं पाहिली. ऊन असह्य झालें तेव्हां ती पाटाच्या पाण्यावर गेली, पोटाचीं पिसें भिजविलीं आणि येऊन अंड्यांवर बसली. असें ती वरचेवर करते. यमाची दूती म्हणून जिला दगड मारावयाचा, ती चार जिवांना गारवा देण्यासाठीं उन्हांत खेपा घालीत असते.

नऊच्या सुमारास बोरीच्या जाळीवर खाटीक दिसला. चिमणीहून थोडा मोठा, राखी डोकें, डोळ्यांवरून काळी पट्टी, पाठ विटकरी. त्यानें सरड्याचें एक लहान पिलूं धरलें, आणि नेऊन कांट्यावर टोंचलें. शेजारच्या कांट्यावर एक नाकतोडा आधींच लटकत होता. त्या मुलाला हें पाहून शहारे आले. "आज्जा, ह्यो तर शिक्र्यापरीस वाईट," तो म्हणाला. मीं त्याला खाटकाचे पाय पाहावयास सांगितलें. शिक्र्याला धारदार नखांचा पंजा आहे, त्यांत तो भक्ष्य दाबून धरूं शकतो. खाटकाची चोंच बाकदार, पण पाय चिमणीसारखे. भक्ष्य धरावें कशानें? कांटा हा त्याचा पंजा, आणि कांटा हीच त्याची शिदोरी ठेवण्याची खुंटी. आपण त्याला नांव दिलें आणि त्या नांवाचा राग त्याच्यावर काढला.

येथें मला वनपर्वांतल्या कौशिक ब्राह्मणाची आठवण झाली. झाडाखालीं वेदपठण करीत असतांना अंगावर बलाकेची विष्ठा पडली, म्हणून त्यानें रागानें वर पाहिलें, आणि ती बलाका तत्काळ मरून पडली. तप एवढें मोठें कीं नजरेनें पक्षी मरावा! पुढें त्याला धर्म शिकावा लागला तो मिथिलेंत मांस विकणाऱ्या एका व्याधाकडून. ही कथा आपण सांगतों ती व्याधाच्या मोठेपणासाठीं, पितृसेवेसाठीं. पण तिची सुरुवात एका वाईट पाहण्यानें झाली आहे, हें आपण घाईघाईनें सोडून देतों. कौशिकानेंहि पाहिलेंच होतें, आणि अवधूतानेंहि. एकाच्या पाहण्यानें पक्षी मेला, दुसऱ्याच्या पाहण्यानें पक्षी गुरु झाला.

आतां शिक्रा. घरटें लिंबाच्या वरच्या दुबेळक्यांत, कावळ्यासारखें काटक्यांचें. मादी त्यांत बसून राहिली होती. नुसती शेपटी दिसे. नर पारव्याएवढा, पाठ राखी, छातीवर फिकट तांबूस आडव्या रेघा, डोळा लाल. तो आला कीं शेजारच्या फांदीवर बसून बारीक आवाज देई. मादी घरट्यावरून उठून त्याच्याकडे जाई, त्यानें आणलेलें घेई, आणि तो पुन्हां निघे. सकाळपासून दुपारपर्यंत मीं सहा खेपा मोजल्या. तीन सरडे, एक उंदराचें पिलूं, एक मोठा नाकतोडा, आणि एक चिमणी. तिसऱ्या खेपेला त्या माउलीहि परकराच्या ओच्यांत शेंगा घेऊन माझ्याजवळ येऊन बसल्या होत्या. शेंगा सोलतां सोलतां त्यांचा हात थांबला. बऱ्याच वेळानें त्या म्हणाल्या, "ह्यो बी बापच की."

मीं कांहीं बोललों नाहीं. बोलण्यासारखें त्याच बोलून गेल्या होत्या.

शास्त्राच्या बाजूनें पाहिलें तर शिक्र्याला पाप नाहीं. पशुपक्ष्यांची योनि ही भोगयोनि. कर्माचा अधिकार, आणि म्हणून दोषहि, मनुष्ययोनीला. शिक्र्यानें आज मांस सोडून लिंबोळ्या खाईन म्हटलें तरी त्याला तें साधणार नाहीं. त्याचें पोट, त्याची चोंच, त्याचा डोळा, सगळें एकाच कामासाठीं घडलेलें. क्रौंचाच्या जोडींतला एक पडला तेव्हां वाल्मीकींच्या तोंडून शाप निघाला तो निषादाला. निषादाला विचार करतां येत होता. त्या जागीं ससाणा असता तर ऋषींना शोक झालाच असता, शाप मात्र त्यांनीं दिला असता असें मला वाटत नाहीं. त्या माउलींच्या डोळ्यांत पाणी आलें तें बरोबर होतें; मुलाच्या हातांत काठी आली ती बरोबर नव्हती. शोक आणि शाप यांत हें अंतर आहे.

मग होल्याला कोणी नाहींच काय? शिबिराजाची कथा येथें नीट ऐकण्यासारखी आहे. कपोत त्याच्या मांडीवर येऊन बसला, पाठोपाठ श्येन आला आणि म्हणाला, माझा आहार मला दे. आपण कथा सांगतों ती राजानें मांडीचें मांस कापून दिलें म्हणून. ऐकणाऱ्याचा ऊर भरून येतो. पण त्याच्या आधीं श्येनानें जें विचारलें तें फार कठीण आहे. याला वांचविशील आणि मी उपाशी मेलों, माझ्यामागें माझीं बायकापोरें मेलीं, तर हा तुझा कोणता धर्म? राजानें या प्रश्नाला "तूं दुष्ट आहेस" असें उत्तर दिलें नाहीं. श्येनाची भूक खरी, हें त्यानें मान्य केलें. कपोत शरण आला आहे, हेंहि सोडलें नाहीं. आणि मधली किंमत स्वतः दिली. श्येनाचें घरटें पाडून कपोताला वांचविणें राजाला अगदीं सोपें होतें. राज्य त्याचें होतें, शिपाई त्याचे होते. त्या कथेंत न घडलेली ही गोष्ट मला घडलेल्या गोष्टीइतकीच मोठी वाटते.

दुपारीं जनावरांच्या दोणीवर सगळीं आलीं. साळुंक्या, होले, बुलबुल, खार, बांधावरून लपत छपत आलेलें एक मुंगूस. चोंची उघड्या टाकून पाखरें सांवलींत बसलीं होतीं. शिक्राहि आला. तो उतरतांच सगळीं उडालीं. त्यानें पाणी प्यालें, छातीपर्यंत पाण्यांत उतरून पंख झाडले आणि गेला. पुन्हां सगळीं परतलीं. नाथमहाराज काशीची कावड घेऊन रामेश्वरीं चालले होते तेव्हां वाळवंटांत तडफडणारें गाढव पुष्कळांनीं पाहिलें असेल. नाथांनीं तें तहानलेलें आहे हें पाहिलें, आणि जें हवें होतें तेंच दिलें. चैत्र-वैशाखांत दारापुढें पसरट भांड्यांत पाणी ठेवणाऱ्यांनीं एवढें पाहावें कीं तें झुडपाला लागून नसावें, मांजर दबा धरून बसतें. आणि रोज सकाळीं तें धुऊन भरावें.

त्या दिवशीं मी फार वेळ आकाशाकडे पाहात होतों. घारी होत्या, उंचावर एक गरुड फिरून गेला. गिधाड मात्र एकहि नव्हतें. माझ्या वयाच्या वारकऱ्यांना आठवत असेल, पालखीच्या वाटेवर गांवाबाहेर मेलेलें ढोर टाकलेलें असे, आणि त्यावर पन्नास-पन्नास गिधाडें उतरत. तासा-दोन तासांत हाडें मोकळीं. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत आपल्या देशांतलीं पांढऱ्या पाठीचीं गिधाडें हजारांत एक अशीं उरलीं. कोणीं त्यांची शिकार केली नाहीं, त्यांच्या झाडांवर काठी चालविली नाहीं. गाईबैलांना दुखलें-खुपलें, सांधे धरले, ताप आला, तर त्यांना डायक्लोफेनॅक नांवाचें औषध टोंचीत. तें जनावर मेलें कीं औषध त्याच्या मांसांत राही, आणि तें मांस खाल्लेल्या गिधाडाचीं मूत्रपिंडें निकामी होऊन तें थोड्या दिवसांत मरे. हें कारण २००४ सालीं उघडकीस आलें, आणि २००६ मध्यें जनावरांसाठीं तें औषध बंद झालें.

मला या गोष्टीचा जितका विचार करावा तितकी ती बोंचते. यांत लोभ नव्हता. म्हाताऱ्या बैलाला दुखूं नये, गाईनें तळमळूं नये, म्हणून गरीब शेतकऱ्यानें पदरचे पैसे मोजून दिलेलें तें औषध होतें. गाईवरची ती दया खरीच होती, आणि तिनें गिधाडांचा वंश बुडत आणला. जटायु गृध्रच होता. दशरथाच्या चितेजवळ रामरायाला उभें राहतां आलें नाहीं. जटायूचें दहन मात्र त्यानें स्वतःच्या हातानें केलें, पित्याचें करावें तसें. त्या कुळाचें आपल्या हातून असें झालें. होला सुंदर म्हणून त्याच्यावर दया, गाय पूज्य म्हणून तिच्यावर दया; शिक्रा आणि गिधाड तेवढे दयेच्या पंक्तीबाहेर, कारण त्यांच्याकडे कोणीं पुरतें पाहिलेलेंच नसतें. ज्यांच्या गोठ्यांत जनावरें आहेत त्यांनीं एक करावें. डॉक्टर सुई टोंचण्यापूर्वीं औषधाचें नांव विचारावें. मेलॉक्सिकॅम हें दुखण्यावरचें औषध गिधाडांना बाधत नाहीं. केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक हीं दोन २०२३ मध्यें जनावरांसाठीं बंद झालीं आहेत, पण गांवच्या दुकानांतल्या कपाटांत काय पडून असतें तें पाहणारा आपल्यावांचून कोण?

दुपार कलल्यावर माउलींनीं पुन्हां विचारलें, "घरटं ऱ्हाऊ द्या म्हणता, ऱ्हाऊ दिऊ. पर वळचणीचं दुसरं पिलू?" हा प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. शेजारच्या बाभळीवर कोतवालाचें घरटें होतें. एवढासा काळा पक्षी, पण शिक्रा त्या बाजूला वळला कीं तो त्याच्या पाठीवर तुटून पडे आणि झाडाच्या हद्दीबाहेर घालवून परत येई. हद्दीबाहेर तो त्याचा पिच्छा करीत नसे. म्हणून तर गरीब पाखरें कोतवालाच्या आश्रयानें घरटीं करतात. तिकडे बोट दाखवून मीं म्हटलें, "माउली, वळचण तुमची आहे, तिथें आलेला होला तुम्हांला शरण आलेला आहे. तिथें राखण करा. लिंब शिक्र्याचा आहे, तिथें जाऊं नका." मुलानें बोरीच्या चार फांजरी आणल्या आणि होल्याला शिरायला फट ठेवून वळचणीला बांधल्या. हात दोन ठिकाणीं ओरबाडला. होली तासभर आली नाहीं तेव्हां सगळ्यांचा जीव वरखालीं झाला. मग आली, फांजरीवर बसली, मान वांकडी करून पाहिलें आणि आंत शिरली. नवमीला आम्ही निघालों तोंवर तें पिलूं होतें. पुढचें मला ठाऊक नाहीं.

शिक्र्यानें त्या दिवशीं आणखी एक चिमणी नेली. ती कोणाच्या वळचणीची होती कोण जाणे. भूतदयेनें रानांतलें मरण थांबत नाहीं, आणि थांबवूं म्हणणाऱ्यानें काय काय थांबवावें लागेल याचा हिशेब करून पाहावा. सरडा थांबवावा लागेल, वेडा राघू थांबवावा लागेल, आपण ज्याच्या गोडव्यानें वेडे होतों तो कोकीळहि सुरवंट खातांना थांबवावा लागेल. तरीहि त्या चिमणीसाठीं माउली "विठ्ठल, विठ्ठल" म्हणाल्या तें मला वायां गेलेंसें वाटत नाहीं.

सूर्य मावळायला आला तेव्हां उन्हाळी नांगरटीला भाड्याचा ट्रॅक्टर आला. रस्त्यानें शिंगणापूरच्या कावडी चालल्या होत्या, हलगीचा आवाज येत होता, आणि त्यांत ट्रॅक्टरचा. चालवणारा परगांवचा, आमचें दिवसभराचें कांहीं त्याला माहीत नव्हतें. यजमानांचा मुलगा त्याला टिटवीचीं अंडीं दाखवायला धांवत निघाला, पण तो पोंचण्यापूर्वींच ट्रॅक्टर त्या जागेजवळ येऊन हळू झाला. टिटवी अगदीं चाकापुढें पंख पसरून ओरडत होती. त्या माणसानें नांगर वर उचलला, अंडीं चाकांमध्यें धरून तीन-चार हात तसाच पुढें गेला, आणि नांगर पुन्हां खालीं टाकला. मुलानें विचारलें तेव्हां म्हणाला, "ह्या दिसांत रोजच एक-दोन तरी घावत्यात. आई वरडाया लागली की कळतंच." सुपाएवढा तुकडा नांगराविना राहिला. टिटवी जरा वेळ बाजूच्या ढेकळांवर उभी राहिली, मग येऊन अंड्यांवर बसली, आणि ट्रॅक्टर पुढच्या तासाला लागला.